सेक्टर शून्यापासून माउंटपर्यंत : एम्बेडेड प्रणालींतील डिस्कविभागांची हाताळणी

मेमरी कार्ड, ईएमएमसी चिप किंवा सर्किट बोर्डावरची साधी फ्लॅश यांपैकी कोणत्याही माध्यमावरील फाइल सिस्टीम माउंट होत नाही, तेव्हा दोष बहुधा फाइल सिस्टीमच्या कोडमध्ये शोधला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा एक पायरी खाली, म्हणजे त्या माध्यमाचे विभाग कोणत्या क्रमांकापासून सुरू होतात आणि कोठे संपतात या माहितीत दडलेला असतो. फाइल सिस्टीमला डिस्कवरील स्वतःची जागा ठाऊक नसते. तिच्या हिशेबाने तिचा पहिला सेक्टर शून्य क्रमांकाचाच असतो, मग तो डिस्कवर आठ हजारावा असो की पाच लाखावा. हा फरक प्रत्येक वाचनात आणि लेखनात मिळवून देण्याचे काम तिच्या खालच्या थराचे असते. त्यामुळे सुरुवातीचा तो क्रमांक कोणी सांगायचा, तो कोठे नोंदवायचा आणि त्याची खातरजमा कोणी करायची, या तीन प्रश्नांची उत्तरे उत्पादनाच्या आराखड्यातच निश्चित करणे हे एम्बेडेड प्रणाली घडवणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

माध्यमावर एका वेळी वाचता किंवा लिहिता येणारा सर्वांत लहान तुकडा म्हणजे सेक्टर. मेमरी कार्डांमध्ये तो ५१२ बाइटचा धरला जातो. सलग सेक्टरांच्या ज्या पट्ट्याला स्वतंत्र डिस्कसारखे वागवले जाते त्याला पार्टिशन किंवा विभाग म्हणतात, आणि अशा विभागातील फाइल सिस्टीम एखाद्या डिरेक्टरीच्या नावाखाली वापरास खुली करण्याच्या क्रियेला माउंट करणे म्हणतात. टेबलावरच्या संगणकात ही सारी साखळी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः सांभाळते, कार्ड खोचले की चिन्ह पडद्यावर येते आणि मधल्या पायऱ्या कोणाला दिसतही नाहीत. मायक्रोकंट्रोलरवरील लहान ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मात्र यांतील एकेक पायरी विकासकाने जोडलेली असते, आणि जी जोडायची राहिली ती चालणारच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे एका कार्डावर चालेल आणि दुसऱ्यावर चालणार नाही.

विभागांची नोंद ठेवण्याची सर्वांत रूढ पद्धत १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली आणि मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजेच एमबीआर, या नावाने ती आजही बहुतेक मेमरी कार्डांवर टिकून आहे. डिस्कच्या शून्याव्या सेक्टरमध्ये ४४६व्या बाइटपासून प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी असतात आणि सेक्टरच्या शेवटच्या दोन बाइटांत षोडशमान पद्धतीने ५५ आणि एए ही खूण असते. प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट तो विभाग बूट होण्याजोगा आहे की नाही हे सांगतो आणि त्यात ८० किंवा ०० यांखेरीज दुसरे काही असता कामा नये. नोंदीच्या आरंभापासून चौथ्या स्थानी विभागाचा प्रकार, आठव्या स्थानापासून चार बाइटांत सुरुवातीचा सेक्टर आणि बाराव्या स्थानापासून चार बाइटांत एकूण सेक्टरांची संख्या असते. प्रकाराच्या बाइटमध्ये ०बी किंवा ०सी असेल तर फॅट३२, ०७ असेल तर एनटीएफएस किंवा एक्सफॅट, आणि ८३ असेल तर लिनक्सची कोणती तरी फाइल सिस्टीम अपेक्षित असते. उरलेल्या बाइटांमधील सिलिंडर, हेड आणि सेक्टर ही जुन्या फिरत्या डिस्कची भाषा आजच्या कार्डांना लागू पडत नाही, म्हणून नव्या कोडने तिच्याकडे पाहूच नये.

रास्पबेरी पायच्या अधिकृत ऑपरेटिंग सिस्टीमची कार्ड-प्रतिमा या रचनेचे चांगले उदाहरण आहे. तिच्या अनेक आवृत्त्यांमध्ये पहिल्या नोंदीचा प्रकार ०सी असून सुरुवातीचे चार बाइट ००, २०, ००, ०० असे आहेत. लहान बाइट आधी लिहिण्याच्या पद्धतीमुळे ही संख्या उलट क्रमाने वाचावी लागते आणि षोडशमानातील २००० म्हणजे ८१९२ हा सेक्टर मिळतो; त्याला ५१२ने गुणले असता ४१,९४,३०४ बाइट, म्हणजे बरोबर ४ मेबीबाइट होतात. पुढचे चार बाइट ००, ००, ०८, ०० हे ५,२४,२८८ सेक्टरांची, म्हणजे २५६ मेबीबाइटांची लांबी दाखवतात. अर्थात दुसरा, एक्स्ट४चा विभाग ५,३२,४८० या सेक्टरवर सुरू होतो आणि ही प्रतिमा संगणकावर उघडताना त्या विभागासाठी २७,२६,२९,७६० बाइटांचे अंतर द्यावे लागते. पुढच्या आवृत्त्यांत बूट विभाग ५१२ मेबीबाइटांचा झाला आणि दुसरा विभाग १०,५६,७६८ या सेक्टरवर सरकला. ज्यांनी जुना आकडा स्क्रिप्टमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवला असेल त्यांची स्क्रिप्ट त्या दिवसापासून निकामी झाली. सुरुवातीचा क्रमांक तक्त्यातून वाचावा, कोडमध्ये कोरू नये, हा नियम याच कारणाने मोडू नये असा आहे.

तक्ता वाचताना लहान प्रोसेसरवर एक खास धोका संभवतो, ज्याचा उलगडा व्हायला दिवसचे दिवस जाऊ शकतात. पहिल्या नोंदीतील सुरुवातीचा सेक्टर ४५४व्या बाइटपासून असतो आणि ४५४ला चाराने पूर्ण भाग जात नाही. बफरवर थेट ३२ बिटांचा पॉइंटर ठेवून ही संख्या उचलणारा कोड संगणकावर निर्धोक चालतो, पण कॉर्टेक्स-एम० गाभ्याला अशा वेड्यावाकड्या पत्त्यावरून चार बाइट एकदम वाचता येत नाहीत आणि प्रोसेसर हार्डफॉल्टमध्ये जाऊन थांबतो. म्हणून चारही बाइट वेगवेगळे वाचून, सरकवून आणि जोडून संख्या तयार करावी. असे केल्याने बाइटांच्या क्रमाचा प्रश्नही प्रोसेसर कोणताही असला तरी एकाच रीतीने सुटतो.

वाचलेल्या संख्येवर लगेच विश्वास ठेवणेही बरे नाही. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, पण हद्द ठरते ती मोजणी झाल्यावर. तसेच तक्त्यातील आकडे कार्डाच्या खऱ्या क्षमतेशी ताडून पाहावे लागतात. सुरुवातीचा सेक्टर शून्य नसावा, तो कार्डाच्या एकूण सेक्टरांपेक्षा लहान असावा, आणि विभागाची लांबी ही एकूण सेक्टरांतून सुरुवात वजा केल्यावर जे उरते त्याहून अधिक नसावी. शेवटची तुलना बेरजेने न करता वजाबाकीने करण्यामागे कारण आहे: बिघडलेल्या तक्त्यातील दोन मोठ्या संख्यांची बेरीज ३२ बिटांत मावत नाही, उलटून लहान होते आणि चुकीचा विभाग तपासणीतून बिनबोभाट सुटून जातो. याच थरात आणखी एक पहारा बसवावा. विभागाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येक विनंतीतील सेक्टर क्रमांक विभागाच्या लांबीपेक्षा लहान आहे का हे पाहिले जावे, म्हणजे फाइल सिस्टीम बिघडली तरी तिचे लेखन शेजारच्या विभागात शिरणार नाही.

काही कार्डांवर तक्ताच नसतो. फ्लॉपीप्रमाणे संपूर्ण कार्ड हीच एक फाइल सिस्टीम असते आणि तिचा बूट सेक्टर शून्याव्या सेक्टरमध्ये बसलेला असतो. अडचण अशी की फॅटच्या बूट सेक्टरच्या शेवटीही ५५ आणि एए हीच खूण असते, त्यामुळे केवळ तेवढे पाहून तक्ता आहे असे मानणारा कोड बूट सेक्टरमधील संदेशाची अक्षरे विभागाचे आकडे म्हणून वाचतो. फरक ओळखण्यासाठी आधी बूट सेक्टरची लक्षणे तपासावीत: पहिला बाइट ईबी किंवा ई९ आहे का, सेक्टरचा आकार आणि एका क्लस्टरमधील सेक्टरांची संख्या शक्य कोटीतील आहे का, फॅट३२ हा शब्द ८२व्या किंवा फॅट१२ वा फॅट१६ हे शब्द ५४व्या बाइटपासून आढळतात का, एक्सफॅटचे नाव तिसऱ्या बाइटपासून दिसते का. ही लक्षणे जुळली नाहीत तरच तोच सेक्टर तक्ता म्हणून वाचावा. फॅटच्या बूट सेक्टरमध्ये आपल्या आधी किती सेक्टर आहेत हे सांगणारी एक नोंदही असते, परंतु ती वाचण्यासाठी बूट सेक्टर कोठे आहे हे आधीच माहीत असावे लागते आणि फॉरमॅट करणारी सगळी साधने ती नोंद अचूक भरतील याचा भरवसा नसतो. तिच्यावर निर्णय सोपवू नये.

चारपेक्षा अधिक विभाग हवे असतील तेव्हा एमबीआर पद्धतीत एक नोंद विस्तारित विभागासाठी राखली जाते आणि तिच्या आत तक्त्यांची साखळी सुरू होते. या साखळीत दोन वेगवेगळे आरंभबिंदू आहेत. आतील विभागाची सुरुवात ही त्याच्या जवळच्या तक्त्यापासून मोजली जाते, तर पुढच्या तक्त्याचा पत्ता विस्तारित विभागाच्या मुळारंभापासून मोजला जातो. नवे उत्पादन आखताना हा मार्ग टाळणे शहाणपणाचे. चार विभाग पुरत नसतील तर जीपीटी ही पद्धत स्वच्छ आहे. तीत शून्याव्या सेक्टरमध्ये ईई प्रकाराची एकच संरक्षक नोंद असते, पहिल्या सेक्टरमध्ये शीर्षक आणि सर्वसाधारण मांडणीत दुसऱ्यापासून तेहेतिसाव्या सेक्टरपर्यंत प्रत्येकी १२८ बाइटच्या १२८ नोंदी असतात. सेक्टरचे क्रमांक ६४ बिटांत लिहिलेले असल्याने एमबीआरची सुमारे २.२ टेराबाइटांची मर्यादा येथे लागू होत नाही, शीर्षक आणि तक्ता या दोहोंना सीआरसी ही तपासणी संख्या असते आणि दोहोंची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. ८ जीबीची प्रतिमा ३२ जीबीच्या चिपवर लिहिली की ही दुसरी प्रत शेवटी न राहता मध्येच राहते, म्हणून कारखान्यात प्रतिमा लिहून झाल्यावर ती शेवटी हलवण्याची पायरी विसरू नये. केवळ एमबीआर ओळखणाऱ्या कोडपुढे जीपीटीचे कार्ड आले, तर तो संरक्षक नोंदीलाच विभाग समजून पहिल्या सेक्टरवर फाइल सिस्टीम शोधू लागतो. ईई हा प्रकार दिसताच स्पष्ट त्रुटी देऊन थांबणे हे किमान वर्तन आहे.

मायक्रोकंट्रोलरच्या जगात फॅटएफएस हे चॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी विकासकाचे सी भाषेतील मॉड्यूल फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते आधी शून्याव्या सेक्टरमध्ये थेट फाइल सिस्टीम शोधते, ती नसेल तर तक्ता पाहते आणि मूळ रचनेत सापडलेला पहिला फॅट विभाग माउंट करते. विशिष्ट विभागच हवा असेल तर बहुविभागाचा पर्याय चालू करून कोणते ड्राइव्ह-नाव कोणत्या भौतिक माध्यमाच्या कोणत्या विभागाला जोडायचे हे सांगणारी सारणी द्यावी लागते; सारणीतील शून्य म्हणजे आपोआप शोध आणि १ ते ४ म्हणजे तो ठरावीक विभाग. येथे दोन चुका वारंवार होतात. माउंटच्या फंक्शनला शेवटचा पर्याय शून्य दिला असता ते प्रत्यक्ष कार्डाला हातही न लावता यश कळवते आणि खरा प्रयत्न पहिली फाइल उघडताना होतो, त्यामुळे सुरुवातीलाच खात्री हवी असेल तर तो पर्याय १ द्यावा. दुसरी चूक अधिक घातक आहे: माउंटसाठी दिलेली कार्यजागा एखाद्या फंक्शनच्या स्टॅकवर ठेवली तर ते फंक्शन संपताच ती जागा दुसऱ्या कामाला जाते आणि फाइल सिस्टीमची माहिती पुसली जाते. ही जागा स्थिर स्मृतीतच हवी.

आरटी-थ्रेड या चिनी मूळ असलेल्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये फाइल सिस्टीमच्या वर एक समान थर आहे. माउंट करताना त्याला उपकरणाचे नाव, मार्ग आणि फाइल सिस्टीमचा प्रकार द्यावा लागतो. मेमरी कार्डाचे नाव सामान्यतः एसडी० असे असते आणि फॅटसाठी प्रकाराचे नाव एल्म आहे. कार्डाचा ड्रायव्हर शून्याव्या सेक्टरमधील तक्ता वाचतो आणि तक्ता न सापडल्यास संपूर्ण कार्ड एकच विभाग समजून नोंदवतो. मुळाखेरीज दुसऱ्या मार्गावर माउंट करायचे असेल तर ती डिरेक्टरी आधी अस्तित्वात असावी लागते, आणि नवख्या विकासकाची गाडी येथेच अडते. परंतु सर्वांत फसवे कारण वेळेचे आहे. कार्ड ओळखण्याचे काम स्वतंत्र थ्रेडमध्ये चालते, त्यामुळे मुख्य कार्यक्रमाने सुरू होताच माउंटची आज्ञा दिली तर त्या क्षणी एसडी० नावाचे उपकरणच नोंदलेले नसते. तोच कार्यक्रम डीबगरमध्ये सावकाश चालवला की सर्व काही सुरळीत दिसते. ठोकळ विलंब टाकून हा प्रश्न झाकण्याऐवजी उपकरण नोंदले जाईपर्यंत ठराविक मुदतीत वाट पाहावी आणि मुदत उलटली तर तसे नोंदवावे. लिनक्समध्येही हाच प्रश्न मूळ विभागाबाबत उद्भवतो आणि म्हणूनच कर्नलला रूटवेट हा पर्याय दिला जातो.

स्वतःचा कार्ड-ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आणखी एक तपशील ध्यानात घ्यावा. २ जीबीपर्यंतच्या जुन्या प्रमाणित क्षमतेच्या एसडी कार्डांना वाचनाचा पत्ता बाइटांत द्यावा लागतो, तर एसडीएचसी आणि त्यापुढील कार्डांना तो ५१२ बाइटच्या ब्लॉकांत द्यावा लागतो. हा भेद चुकला तरी शून्याव्या सेक्टरचा पत्ता दोन्ही पद्धतींत शून्यच असल्याने तक्ता व्यवस्थित वाचला जातो आणि विभागाचा पहिला सेक्टर मात्र भलतीच माहिती देतो. तक्ता दिसतो, पण फाइल सिस्टीम दिसत नाही, असे लक्षण आढळले की प्रथम हीच शंका घ्यावी.

एम्बेडेड लिनक्समध्ये तक्ता वाचण्याचे काम कर्नल करतो. तेथे प्रश्न उभा राहतो तो नावाचा. पहिल्या एमएमसी उपकरणाच्या दुसऱ्या विभागाला एमएमसीबीएलके०पी२ असे नाव मिळते. उपकरणाचे मूळ नावच अंकाने संपत असल्यामुळे मध्ये पी हे अक्षर घालावे लागते, आणि ते विसरल्याने न चालणाऱ्या स्क्रिप्ट पुष्कळ आहेत. या नावातील पहिला अंक हा नियंत्रकांच्या ओळखीच्या क्रमावर अवलंबून राहू शकतो. बोर्डावर ईएमएमसी आणि मेमरी कार्ड दोन्ही असतील तर कर्नल बदलताच शून्य आणि एक यांची अदलाबदल होऊन उपकरण बंद पडण्याचा संभव असतो. म्हणून मूळ विभाग पार्टयूयूआयडीने दाखवावा. जीपीटीत प्रत्येक विभागाला स्वतःची अनन्य ओळख असते. एमबीआरमध्ये शून्याव्या सेक्टरच्या ४४०व्या बाइटपासूनची चार बाइटांची डिस्क-ओळख आणि विभागाचा क्रमांक जोडून ती तयार होते. फाइल सिस्टीमची ओळख मात्र कर्नलला थेट देऊन चालत नाही, कारण ती वाचण्यासाठी इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलबरोबर स्मृतीत उतरणारी छोटी प्राथमिक फाइल सिस्टीम, असावी लागते. एकाच प्रतिमेच्या दोन प्रती एकाच बोर्डावर जोडल्या तर दोघींची ओळख सारखीच निघते. दुरुस्तीच्या टेबलावर हा प्रसंग हमखास येतो, आणि तेथे काम करणाऱ्यांना याची आगाऊ सूचना दिलेली असावी.

ईएमएमसी चिपमध्ये तक्त्यातील विभागांखेरीज चिपनेच पाडलेले विभागही असतात. दोन बूट विभाग आणि एक आरपीएमबी नावाचा संरक्षित विभाग हे तक्त्यात कधीच दिसत नाहीत, कारण तक्ता फक्त वापरकर्त्याच्या मुख्य क्षेत्रात असतो. बूटलोडर बूट विभागात ठेवला तर मुख्य क्षेत्राचे विभाग पुन्हा पाडतानाही तो सुरक्षित राहतो. लिनक्स हे बूट विभाग मुळात केवळ वाचनासाठी उघडतो आणि लेखनासाठी ते बंधन मुद्दाम काढावे लागते. लेखन संपताच ते पुन्हा घालावे.

बोर्डावरची नॉर किंवा नॅन्ड फ्लॅश ही डिस्क नव्हे. तेथे लिहिण्याआधी संपूर्ण इरेज ब्लॉक पुसावा लागतो आणि विभागांची नोंद माध्यमावर नसून बाहेर, म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये किंवा कर्नलच्या आज्ञा-ओळीत असते. याचा परिणाम असा की बूटलोडर आणि कर्नल यांना मांडणी वेगवेगळ्या ठिकाणाहून मिळू शकते, आणि एकीकडे आकडा बदलून दुसरीकडे तो तसाच राहिला तर बूटलोडर आपले सेटिंग कर्नलच्या डोक्यावर लिहून मोकळा होतो. मांडणीचा उगम एकच ठेवावा आणि दुसऱ्या बाजूने तो तेथूनच घ्यावा. विभागाची सुरुवात इरेज ब्लॉकच्या सीमेवर नसेल तर लिनक्सचा एमटीडी थर तो विभाग केवळ वाचनापुरता करतो आणि बूटच्या नोंदीत तशी एक ओळ लिहितो. लेखन का होत नाही याचा शोध घेणाऱ्याने ती ओळ आधी पाहावी. एमटीडी विभागांचे क्रमांक यादीत एक विभाग मध्ये घातला की पुढे सरकतात, तेव्हा येथेही क्रमांकाऐवजी नाव वापरावे. नॅन्डवर खराब ब्लॉक गृहीतच असल्यामुळे त्यांची आणि झिजेची व्यवस्था यूबीआय या मधल्या थराकडे द्यावी आणि त्यावर यूबीआयएफएस माउंट करावी. ईएसपी३२वर तक्ता फ्लॅशमध्येच, सामान्यतः ३२ किबीबाइटांवर असतो व त्याच्या प्रत्येक नोंदीस ३२ बाइट लागतात. तो सीएसव्ही फाइलीतून तयार होतो, हे मांडणीच्या एकाच उगमाचे चांगले उदाहरण आहे.

विभाग किती पाडावे आणि कोठून, याचा निर्णय घेताना बदलणारी आणि न बदलणारी माहिती वेगळी करणे हे तत्त्व सर्वांत उपयोगी पडते. मूळ फाइल सिस्टीम केवळ वाचनासाठी माउंट केली, उदाहरणार्थ स्क्वॉशएफएसमध्ये ठेवली, तर वीज कधीही गेली तरी तिला अर्धवट लेखनाचा धक्का बसत नाही. नोंदी, मोजमापे आणि सेटिंग यांसाठी वेगळा विभाग राखावा व तो वीज जाण्यास तोंड देणाऱ्या फाइल सिस्टीमवर असावा. लहान फ्लॅशवर त्यासाठी लिटिलएफएस, ईएमएमसीवर एक्स्ट४ किंवा एफ२एफएस असे पर्याय आहेत. दुरून अद्ययावत होणाऱ्या उपकरणाला समान आकाराचे दोन मूळ विभाग द्यावेत, म्हणजे एक चालू असताना दुसऱ्यावर नवी आवृत्ती लिहिता येते आणि ती सुरू झाली नाही तर बूटलोडर जुनीकडे परततो. आरएयूसी, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर ही साधने याच मांडणीवर काम करतात. ग्राहकाच्या घरी पोहोचलेल्या उपकरणाचे विभाग नंतर लहानमोठे करणे अत्यंत जोखमीचे असल्याने मूळ विभागांना पहिल्या दिवशीच वाढीची जागा सोडावी. सुरुवात किमान १ मेबीबाइटच्या, आणि मेमरी कार्डांवर शक्यतो ४ मेबीबाइटच्या पटीत ठेवावी, कारण जुन्या ६३व्या सेक्टरसारख्या सुरुवातीमुळे फाइल सिस्टीमचा एक ब्लॉक फ्लॅशच्या दोन पानांत विभागला जाऊन लेखन मंदावते आणि झीजही वाढते.

माउंट फसल्यावर काय करायचे, हा या विषयातील सर्वांत गंभीर निर्णय आहे. ईएसपी-आयडीएफसह अनेक विकास-संचांत माउंट न झाल्यास आपोआप फॉरमॅट करण्याची सोय असते आणि प्रयोगशाळेत ती सोयीची वाटते. उत्पादनात मात्र वापरकर्त्याच्या कार्डासाठी ती बंदच असावी. कार्ड नीट न बसणे, वीज क्षणभर कमी पडणे, तक्ता ओळखता न येणे, अशा तात्पुरत्या कारणांनीही माउंट फसतो आणि त्या क्षणी फॉरमॅट झाले तर वर्षाची मोजमापे एका सेकंदात जातात. फॉरमॅट ही माणसाने दिलेली आज्ञा असावी. अपवाद फक्त उपकरणाच्या आतील, पुन्हा निर्माण करता येणाऱ्या माहितीच्या विभागाचा, आणि तेथेही आधी दुरुस्तीचा प्रयत्न व नंतरच फॉरमॅट असा क्रम असावा. लिनक्समध्ये याच्या उलट बाजूचा एक सापळा आहे. डेटाचा विभाग माउंट झाला नाही तरी ज्या डिरेक्टरीवर तो यायचा ती रिकामी डिरेक्टरी तेथे असतेच, आणि कार्यक्रम तिच्यात लिहीत राहून मूळ विभाग भरून टाकतो. पुढे विभाग माउंट झाला की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात. कार्यक्रम सुरू करण्याआधी ती जागा खरोखर माउंट झालेली आहे का हे तपासणे, आणि मूळ विभाग केवळ वाचनासाठी ठेवणे, या दोन उपायांनी हा प्रकार थांबतो.

दोष शोधताना क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. कार्डाची जशीच्या तशी प्रत काढून तिच्यावरच प्रयोग करावेत. मूळ कार्डावर दुरुस्तीची साधने चालवू नयेत. प्रतीच्या शून्याव्या सेक्टरमधील आकडे हाताने मोजून सुरुवातीचा सेक्टर काढावा, त्या जागी अपेक्षित खूण आहे का ते पाहावे: फॅट३२साठी ८२व्या बाइटपासूनचे नाव, एक्स्ट४साठी विभागारंभापासून १०८०व्या बाइटवर ५३ आणि ईएफ ही जोडी. खूण योग्य जागी असेल तर दोष ड्रायव्हरच्या किंवा क्रमांक मिळवणाऱ्या थराच्या बाजूस आहे. नसेल तर तो तक्त्यात किंवा लेखनात आहे. लिनक्सवर तक्ता बदलल्यानंतरही कर्नल जुनेच आकडे धरून असतो आणि त्या डिस्कवरचा एखादा विभाग माउंट असेल तर संपूर्ण तक्ता पुन्हा वाचायला नकार देतो, हेही या टप्प्यावर आठवावे, नाहीतर योग्य केलेली दुरुस्ती चुकीची ठरवली जाते.

उपकरण बाजारात नेण्यापूर्वी वाचकाने किमान पाच कार्डे तयार करून ठेवावीत: तक्ता नसलेले, दुसऱ्या विभागात फॅट असलेले, जीपीटीचे, क्षमतेपेक्षा मोठा विभाग नोंदलेले, आणि तक्ता ठीक पण विभाग कोरा असलेले. प्रत्येक कार्डावर उपकरणाने एकतर बरोबर विभाग माउंट करावा किंवा कारण सांगून थांबावे, आणि कोणत्याही कार्डावर एकही बाइट न विचारता लिहू नये. ही चाचणी एका दुपारी उरकते, आणि तिच्यात उत्तीर्ण न झालेले उपकरण ग्राहकाच्या हाती देऊ नये.